दागिना आधी, फूल नंतर

मण्यांचं फूल हातात घेतलं की बघणाऱ्याच्या तोंडून पहिली दाद येते ती ठरलेली असते: “अगदी खरं वाटतंय!” बारीक काचमणी तारेत ओवून मोगरा, शेवंती, आबोली, पारिजात करणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते, आणि ऐकून बरं वाटणंही स्वाभाविक आहे. तरीही या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की दागिन्याच्या बाबतीत ही दाद हाताला चुकीच्या दिशेने ओढते. फुलदाणीत ठेवायचं फूल आणि कानात, केसांत, गळ्यात घालायचं फूल ही दोन वेगळी कामं आहेत. साहित्य तेच, पद्धती बहुतेक त्याच, पण कसोटी निराळी. अंगावर घालायच्या फुलाने आधी दागिना म्हणून उभं राहायला हवं: वजनाला हलकं, पाठीमागून स्वच्छ, रंगाला पक्कं, वापराला टिकाऊ. हे सगळं सांभाळताना खऱ्या फुलाशी असलेलं साम्य बरंचसं सोडावं लागतं. ते नाइलाजाने सोडण्यापेक्षा समजून उमजून सोडलं तर काम अधिक चांगलं होतं, एवढंच मला मांडायचं आहे. आणि त्यासाठी पुरावा मण्यात, तारेत आणि आपल्याच दागिन्यांच्या परंपरेत आहे.

सुरुवात मण्यापासून करू. काचेची पोकळ नळी लांबवर ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि ते पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोलवायच्या, असा हा मणी तयार होतो. ओढलेल्या नळीचे मणी करण्याचं हे ज्ञान आपल्या देशात फार जुनं आहे. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला दोन हजार वर्षांपूर्वी असे मणी होत होते, आणि आंध्रातल्या पापानायडूपेट गावात नळी ओढण्याची तशीच जुनी रीत विसाव्या शतकातही चालू होती. भारतीय काचेचा इतिहास लिहिणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे तर आपले मराठी संशोधक. पुढे व्हेनिसने आणि बोहेमियातल्या याब्लोनेत्सने जगाला हे मणी पुरवले, आणि आज सर्वांत एकसारखे मणी जपानातून येतात. मण्याच्या नंबराचा हिशेब उलटा असतो, नंबर वाढला की मणी लहान होतो. ११ नंबरचा मणी सुमारे २ मिलिमीटरचा, १५ नंबरचा सुमारे दीड मिलिमीटरचा. आता मोगऱ्याची पाकळी आठवून पाहा. तिची कड इतकी पातळ असते की उजेडात धरली तर आरपार दिसतं. मण्याच्या पाकळीची कड मात्र कुठेही मोजली तरी मण्याएवढीच जाड असणार, कारण मणी काठाकडे निमुळता होत नाही. म्हणजे फुलाचा जो गुण डोळा सर्वांत आधी टिपतो, तो नाजूक काठ, या माध्यमात मुळातच मिळत नाही. त्याच्या बदल्यात मणी जे देतो ते फुलाकडे नसतं. प्रत्येक मण्यावर उजेडाचा एक बारीक ठिपका असतो आणि मान हलली की शेकडो ठिपके एकदम जागा बदलतात. साम्याच्या मागे लागलेला कारागीर मॅट मणी घेऊन ही चमक दाबायला जातो आणि माध्यमाची सर्वांत मोठी देणगी गमावून बसतो.

पाकळी कशी घडते ते जवळून पाहिलं म्हणजे मुद्दा आणखी स्पष्ट होईल. फ्रेंच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मणी आधीच तारेच्या गुंडाळीवर ओवून ठेवतात. टोकाकडचे चार मणी मधल्या तारेवर घ्यायचे आणि तळाशी मोठा फास ठेवायचा. मग ओवलेल्या तारेची एक ओळ त्या चार मण्यांना चिकटून वर न्यायची, मधल्या तारेभोवती एक वेढा द्यायचा आणि दुसऱ्या अंगाने खाली आणून तळाशी पुन्हा एक वेढा. अशा दोन फेऱ्या झाल्या की मधली एक आणि बाजूच्या चार मिळून पाच ओळींची पाकळी होते. वरचा वेढा देताना तार मधल्या तारेशी काटकोनात धरली तर टोक गोल येतं आणि पंचेचाळीस अंशांत तिरपी धरली तर टोक निघतं. सगळी किमया एवढ्या कोनाची. पण हिशेब करा: ११ नंबरच्या पाच ओळी म्हणजे पाकळी १ सेंटिमीटर रुंद झाली. अशा पाच पाकळ्या गोलाकार मांडल्या की कानातल्या कुडीच्या जागी मावणारं फूल उरत नाही, झुमक्याएवढं होतं. पाकळीवरच्या शिरा, काठाची नागमोड, रंगाचा उतार दाखवायचा तर ओळी वाढवाव्या लागतात, आणि ओळी वाढल्या की फूल अंगावर मावेनासं होतं. दागिन्याच्या मापात पाकळीला तीन ओळी मिळतात, फार तर पाच. तीन ओळींत फुलाचं वर्णन करता येत नाही, त्याची खूण तेवढी सांगता येते.

शेवंतीचं उदाहरण घेऊन हाच हिशेब वजनावर आणि तारेवर लावून पाहू. ११ नंबरचे मणी एका ग्रॅममध्ये साधारण ११० बसतात. भरगच्च शेवंती दिसावी म्हणून चाळीस पाकळ्या करायच्या आणि प्रत्येकीत वीस मणी घालायचे ठरवलं, तर आठशे मणी लागतील. काच झाली सात ग्रॅमच्या पुढे आणि तार धरून एका कानात नऊ ग्रॅम. पाकळ्या सुट्या केल्या असतील तर प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे देठाशी तारेच्या ऐंशी काड्या. तार ०.३ मिलिमीटरची असली तरी त्यांची जुडी ३ मिलिमीटर जाडीची होते आणि तिच्यावर गुंडाळायचा धागा वेगळाच. फुलदाणीत हाच देठ शोभतो. कानाच्या पाळीमागे त्याला जागा नाही. दागिन्याचा विचार आधी केला तर आराखडाच बदलतो. १५ नंबरचे मणी, जे ग्रॅमला अडीचशेच्या आसपास बसतात, आणि प्रत्येक वेढ्यात एकाच तारेवर न तोडता सलग घातलेले फास: बाहेरच्या वेढ्यात बारा, आतल्या वेढ्यात आठ. मणी पावणेतीनशेच्या आत, वजन तारेसकट दीड ग्रॅमच्या आसपास, आणि मागे ऐंशीच्या जागी फक्त चार टोकं. पाकळ्या निम्म्यावर आल्या, तरी कुणीही पाहून शेवंतीच म्हणेल. कारण शेवंती ओळखू येते ती पाकळ्यांच्या संख्येवरून येत नाही. अरुंद पाकळ्यांचे एकात एक बसलेले वेढे दिसले की डोळ्याला तेवढं पुरतं.

तारेचा स्वभाव हा यापुढचा पुरावा. बाजारात तार गेजवर मिळते आणि इथे गोंधळ ठरलेला, कारण २८ गेज अमेरिकन मोजणीत ०.३२ मिलिमीटर भरतं आणि ब्रिटिश मोजणीत जवळजवळ ०.३८. नमुन्यात लिहिलेलं गेज तसंच्या तसं घेण्यापेक्षा मिलिमीटर विचारून घ्यावं. तांब्याची तार वाकवली की त्या जागी ती थोडी कडक होते, पुन्हा वाकवली की आणखी कडक, आणि शेवटी त्याच जागी तुटते. धातूचा हा गुण आहे, त्याला कौशल्याचा इलाज नाही. साम्य साधणारा कारागीर पाकळी झाल्यावर बोटांनी तिला मुरड घालतो, काठ उलगडतो, एखादी पाकळी मुद्दाम खाली झुकवतो. फुलदाणीत हे वळण एकदाच पडतं आणि तसंच राहतं. दागिन्यात मात्र ओढणी, केस, उशी, डबीचं झाकण असं काहीतरी रोज त्या वळणाला हलवत असतं, आणि जिथे हाताने मुरड घातली तिथेच तार पुढे दगा देते. म्हणून दागिन्यातलं वळण हाताने पाडण्याऐवजी बांधणीतच असावं. बाहेरच्या ओळीत हिशेबापेक्षा एखाद-दुसरा मणी कमी ओवला की ती ओळ आखूड पडते, तिचा ताण आतल्या ओळींवर येतो आणि पाकळी आपोआप खोलगट होते. हा खोलगटपणा मण्यांनी मण्यांना धरून ठेवलेला असतो, त्यामुळे दाबला तरी परत येतो. पाकळ्यांच्या मधून एक बारीक तार आडवी फिरवून त्या एकमेकींशी बांधल्या तर पाकळीच्या मानेवरचा, म्हणजे ती देठाशी जोडली जाते तिथला, भारही वाटला जातो. या बांधणीतून येणारा आकार मोगऱ्याच्या मोकळ्या, अस्ताव्यस्त उमलण्याइतका लडिवाळ नसतो, थोडा शिस्तीचाच असतो. माझ्या मते दागिन्याला ती शिस्त शोभते.

इथे कुणी विचारील, तार एवढी तुटते तर नायलॉनच्या धाग्यात का करू नये? धाग्याचं मणीकाम सुंदर असतं आणि पट्टी, पोत, गळाबंद यांना तेच योग्य. पण धाग्याला ताण लागतो, आधार लागतो. हवेत एका बाजूने बांधलेली पाकळी धाग्यावर सरळ उभी राहत नाही, ती लवते. तार स्वतःच सांगाडा असते. आपल्याकडे हे फार पूर्वीच ओळखलं गेलं आहे. नथीतले मोती सोन्याच्या तारेत बांधलेले असतात म्हणून ती नाकाशी एकाच ठिकाणी धरलेली असूनही आपला बाक सोडत नाही. मोत्यांच्या कुडीची गोष्टही तीच. मोती तारेने एकमेकांशी जखडून फुलाचा आकार दिलेला असतो आणि आजीची कुडी नातीच्या कानात तशीच बसते. त्या कुडीत देठ नाही, पाकळीला शिरा नाहीत, परागही नाहीत. मोत्यांची नुसती मांडणी आहे, आणि तरी पिढ्यानपिढ्या लोक तिला फूल म्हणूनच पाहत आले आहेत.

रंगाचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तिथे मोह सर्वांत मोठा असतो. काही मण्यांचा रंग काचेच्या अंगातच असतो. कोबाल्टची निळी काच कितीही वर्षं उन्हात ठेवा, फिकी पडत नाही. काहींचा रंग छिद्राच्या आतून लावलेला असतो, काहींवर वरून धातूचा मुलामा असतो, आणि काही नुसते रंगवलेले असतात. गुलाबी काचेला परंपरेने सोन्याचा अंश लागत आला आहे, म्हणून ती महाग. त्यामुळे बाजारातले कितीतरी गुलाबी आणि जांभळे मणी रंगवलेले निघतात. फुलदाणीतल्या फुलाला कुणी हात लावत नाही, ते उन्हापासून लांब ठेवलं की झालं. दागिन्याला घाम लागतो, अत्तर लागतं, साबण लागतो. मुलाम्याचा सोनेरी मणी घासून पांढुरका होतो, रंगवलेला जांभळा उन्हाने राखी होतो. म्हणून विकत घेतलेली प्रत्येक नवी छटा आधी तपासायची: सरीचा अर्धा भाग जाड कागदात गुंडाळून खिडकीत ठेवायचा, चार मणी नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवून पांढऱ्या कपड्यावर चोळायचे. या कसोटीत पुष्कळदा असं होतं की गुलाबाची नेमकी छटा तेवढी धुऊन निघते आणि तिच्या जवळचा, पण तितका हुबेहूब नसलेला रंग पक्का ठरतो. साम्याला मानणारा पहिला मणी उचलेल, दागिन्याला मानणाऱ्याने दुसराच उचलला पाहिजे. तारेच्या रंगालाही हेच लागू. पारदर्शक पांढऱ्या मण्यात तांब्याची तार ओवली की मोगरा तपकिरी झाक मारतो, आणि घामाने तांबं हिरवं पडू लागलं की ते काचेतून दिसतं. तिथे रुपेरी लेपाची तार घ्यायची, नाहीतर मणीच अपारदर्शक निवडायचा.

मग येते पाठ. फुलाला पुढची बाजू असते, दागिन्याला दोन असतात. मागची बाजू बघणाऱ्याला दिसत नाही, पण घालणाऱ्याला दिवसभर तीच जाणवते. तारेचं कापलेलं टोक ०.३ मिलिमीटरचं असलं तरी कातडीला ओरखडा काढायला पुरेसं असतं, आणि पैठणीच्या जरीत किंवा मोकळ्या केसांत अडकायला त्याहून कमी पुरतं. म्हणून टोक आतल्या बाजूला वळवून शेवटच्या दोन-तीन मण्यांतून परत घ्यायचं आणि मगच कापायचं. पीळ दोन-तीन वेढ्यांचाच द्यायचा, कारण जास्त पिळला की मानेशी तार कडक होऊन तुटते. आणि फुलामागे मण्यांचीच एक सपाट चकती बसवून सगळे सांधे झाकायचे. ही चकती खऱ्या फुलात कुठेच नसते. तिच्यामुळे फूल किंचित जाड दिसतं आणि देठाचा नैसर्गिक बाक जातो. तरीही ती काढून टाकावी असं मला कधी वाटलेलं नाही, कारण तिच्याशिवाय तो अलंकार अंगावर नेमका बसत नाही.

आपल्या सोनारांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहणं फार उपयोगाचं आहे. मराठी दागिन्यांत झाडाफुलांची गर्दी आहे. बोरमाळेत बोरं आहेत, जोंधळी पोतीत जोंधळ्याचे दाणे, बकुळहारात बकुळी, कोल्हापुरी साजाच्या पानड्यांत कमळ, बेलपान, कारलं. यांतलं एकही हुबेहूब नाही. बोराची सुरकुती, कारल्याचा वेल, बकुळीचा रंग सोनाराने घेतला नाही. बोराचा गोलवा घेतला, बकुळीची चांदणी घेतली आणि ती शेजारी शेजारी ओळीने मांडली. युरोपातल्या अठराव्या शतकातल्या जवाहिऱ्यांनी हिऱ्यांची फुलं बारीक स्प्रिंगवर बसवली, म्हणजे घालणारी हलली की फूल थरथरावं. त्यांनी वाऱ्यातल्या फुलाची थरथर तेवढी उचलली. जपानी केशभूषेतली शेवंती रेशमाच्या चौकोनी तुकड्यांच्या घड्यांतून होते आणि घडीची रेघ लपवत नाही. आपल्या घरातलं उदाहरण हलव्याच्या दागिन्यांचं. संक्रांतीला नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी जे हार, मुकुट, बाजूबंद होतात त्यांचे घाट सोन्या-मोत्याच्या दागिन्यांवरूनच घेतलेले असतात, पण हलव्याचा काटा घासून मोती करायला कुणी जात नाही. काटा जितका छान फुललेला तितका तो दागिना देखणा. साखरेला साखर राहू दिलं म्हणून ते दागिने देखणे होतात. काचमण्यालाही तसंच वागवलं पाहिजे.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप या कलेच्या इतिहासातूनच येतो. तारेतल्या मण्यांची फुलं युरोपात वाढली ती खऱ्या फुलांची जागा घेण्यासाठीच. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या कबरींवर मण्यांची पुष्पचक्रं वाहत, कारण ती ऊनपावसात टिकत. १९६७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया नेथन्सन यांचं मण्यांच्या फुलांवरचं पुस्तक आलं, त्यातही भर फुलदाणीत मांडायच्या गुच्छांवर होता. इटली आणि फ्रान्सची काचमण्यांची कला २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. तेव्हा साम्य हा या परंपरेचा प्राणच आहे, ते सोडलं तर मागे काय राहिलं, असं कुणी म्हणू शकेल. परंपरेबद्दलचा हा आदर मलाही आहे आणि आकाराने मोठ्या, स्थिर फुलात ते साम्य किती सुंदर होतं हे मी नाकारत नाही. पण त्या पुष्पचक्राचं काम काय होतं ते लक्षात घ्यावं. ते एका जागी राहणार होतं, लांबून पाहिलं जाणार होतं, त्याला कुणी अंगावर मिरवणार नव्हतं, आणि जाड तारेचा सांगाडा त्याला चालत होता. त्या कारागिरांनी कामाची गरज ओळखून साम्य निवडलं. गरज ओळखण्याची त्यांची रीत आपण घ्यावी. त्यांचं उत्तर जसंच्या तसं घेतलं तर आपण त्यांच्यासारखे राहत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गिऱ्हाइकाला हुबेहूब हवं असतं. डोहाळजेवणाला, हळदीला फुलांच्या दागिन्यांची पद्धत आपल्याकडे आहेच. खरी फुलं संध्याकाळपर्यंत कोमेजतात म्हणून लोक टिकाऊ फुलांकडे वळतात, मग ती खऱ्यासारखी दिसायला नकोत का? पहिल्या नजरेला साम्य विकलं जातं, हे खरं आहे. पण दुरुस्तीला परत येणारे दागिने पाहिले तर तक्रारी वेगळ्याच असतात: मानेशी तुटलेली पाकळी, उडालेला रंग, केसांत अडकणारं टोक, कान ओढणारं वजन. फूल मोगऱ्यासारखं दिसत नाही म्हणून दागिना परत येत नाही. हुबेहूब फूल समारंभाच्या फोटोत एकदा दिसतं आणि मग डबीत जातं; बांधणी नीट असलेलं साधं फूल सणासुदीला पुन्हा पुन्हा बाहेर निघतं. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, कारण आपण सांगत नाही. विकताना वजन, रंगाची हमी आणि दुरुस्तीची सोय या तीन गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या तर निवड करताना साम्य आपोआप मागे सरतं.

यावर खोचक प्रश्न येतो तो असा: साम्य सोडायचंच तर फूल तरी कशाला, नुसती गोल-चौकोनी नक्षी का नाही? याचं उत्तर माझ्या दृष्टीने सगळ्या कामाचं सूत्र आहे. फूल ओळखू यायला सगळं फूल लागत नाही, त्याची एक खूण लागते आणि ती मात्र अचूक लागते. पारिजातकाची खूण म्हणजे पांढऱ्या, किंचित फिरकीदार पाकळ्यांच्या मधोमध केशरी ठिपका. तो केशरी मणी जागेवर असला तर पाकळ्या एकाच ओळीच्या असल्या तरी चालतात. तो चुकला तर कितीही कोरीव पाकळ्या करा, पारिजात होत नाही. जास्वंदीची खूण पाकळीबाहेर आलेली लांब दांडी, सदाफुलीची मधला गडद डोळा, आबोलीची एका बाजूला पंख्यासारखी कललेली पाकळी. आबोली तर सुटी घालायचं फूलच नाही. कोकणात, गोव्यात ती वळेसरात, फातीत गुंफूनच माळतात, म्हणून मण्यांची आबोली करताना एका फुलावर मेहनत घेण्यापेक्षा फुलं किती दाट बसली आहेत यावर घेतली पाहिजे. एकदा खूण पकडली की बाकी सगळ्या बाबतीत दागिना आपला निर्णय घ्यायला मोकळा होतो. नुसत्या नक्षीला हे भाग्य नाही, कारण तिच्यामागे कुणाचं परसदार, कुणाची देवपूजेची परडी उभी राहत नाही. फूल निवडायचं ते या ओढीसाठी.

शेवटचा आक्षेप कारागिराच्या मनातून येतो: हे सोपं करून घेणं तर नव्हे? पाकळ्या कमी, ओळी कमी, मग कष्टही कमी. अनुभव नेमका उलट आहे. चाळीस पाकळ्यांच्या फुलात एखादी वाकडी गेली तर शेजारणी तिला झाकून घेतात. पाच पाकळ्यांच्या फुलात एकीतला एक मणी फुगीर असला तरी डोळा तिथेच जातो. म्हणून कमी पाकळ्यांच्या कामाला मणी निवडण्यात जास्त वेळ लागतो. सरीतले चपटे, जाड, वाकड्या छिद्राचे मणी आधी बाजूला काढावे लागतात. कुठला तपशील ठेवायचा हे ठरवायला फूल नीट पाहावं लागतं, आणि नुसती नक्कल करणाऱ्यापेक्षा जास्त वेळ पाहावं लागतं, कारण नक्कल करणारा सगळंच घेतो, त्याला निवडावं लागत नाही.

म्हणून हे काम शिकवणाऱ्यांकडे माझी एक मनापासून विनंती आहे. नवशिक्याच्या हातात पहिल्याच दिवशी गुलाबाचा नमुना देऊ नका. आधी त्याला एकच पाकळी तीन मापांत करायला लावा, तिचं वजन करायला लावा, तिची मान वाकवून ती कितव्यांदा तुटते ते बघायला लावा, मणी उन्हात ठेवून रंग उतरतो का ते पाहायला सांगा. मग त्याला एक फूल देऊन विचारा, यातलं काय काढून टाकलं तर हे फूल राहणार नाही? या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता आलं त्याला दागिना करता येईल. या कामाला अजून छंदाच्या रकान्यात टाकलं जातं, त्याची किंमत मण्यांच्या पुडीच्या भावाने केली जाते, आणि करणारेही बिचकत दाम सांगतात. ही स्थिती बदलायची तर आपली कसोटी आपणच उंच धरली पाहिजे. सोनार आपल्या दागिन्याच्या वजनाची, घडणीची, टिकण्याची जबाबदारी घेतो म्हणून त्याच्या घडणावळीबद्दल कुणी हुज्जत घातली तरी ती घडणावळ आहे हे सगळे मान्य करतात. काचेच्या फुलालाही तसंच घडवलं, तसंच तपासलं आणि तशीच जबाबदारी घेऊन विकलं तर त्याचीही घडणावळ मागता येईल, आणि ती मागण्याचा हक्क आपण कमावलेला असेल.